थंडीचे चार महिने सायकलचे: नव्या ट्रायथलीटसाठी हिवाळ्याची आखणी

इंटरनेटवर ट्रायथलॉनचा (पोहणं, सायकल आणि धावणं सलग करायची स्पर्धा) हिवाळी आराखडा शोधला की बहुतेक वेळा युरोप-अमेरिकेतला सापडतो. तिथे डिसेंबरात रस्त्यावर बर्फ असतो, म्हणून सायकल घरात ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी पेडल मारायच्या स्टँडवर चढते आणि खरी सायकलिंग एप्रिलनंतर सुरू होते. पुण्यात राहून हा आराखडा जसाच्या तसा पाळला, तर वर्षातले सायकलिंगचे सर्वांत चांगले दिवस खोलीत जातात आणि एप्रिलच्या उन्हात आपण लांब राइडला बाहेर पडतो. माझा पहिला हिवाळा असाच गेला, म्हणून हा लेख.

आपल्याकडे वर्ष वेगळं वाटून घ्यावं लागतं. उन्हाळ्यात तलावाचं पाणी छान असतं, तेव्हा पोहण्यावर भर. पावसाळ्यात रस्ते निसरडे आणि खड्डे पाण्याखाली, तेव्हा धावणं आणि ट्रेनर. साधारण नोव्हेंबरच्या मध्यापासून होळीपर्यंतचे १६ आठवडे सायकलचे. उघड्या तलावाचं पाणी तेव्हा इतकं गार असतं की पोहण्याचा सराव आपोआपच कमी होतो, तो मोकळा वेळ सायकलला द्यायचा.

लेखासाठी मी एक उद्दिष्ट धरलं आहे: अर्ध्या अंतराची ट्रायथलॉन. म्हणजे १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणं. गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर या अंतराची आयर्नमॅन ७०.३ स्पर्धा २०१९ साली पहिल्यांदा झाली. महाराष्ट्रातले बरेच नवखे तिच्याकडे डोळे लावून असतात. ती ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास येते, त्यामुळे यंदाची संपली की पुढच्या वर्षीसाठी पाया घालायला लगेच हिवाळा हाताशी असतो. या स्पर्धेत नवख्याचा जवळजवळ अर्धा वेळ सायकलवर जातो. ताशी २५ च्या वेगाने ९० किलोमीटरला ३ तास ३६ मिनिटं लागतात. ते तास पायांना जड गेले तर पुढची अर्धमॅरेथॉन चालत काढावी लागते.

१६ आठवड्यांआधीचे दोन आठवडे: सायकल, शरीर आणि आकडे

दिवाळीनंतर किंवा स्पर्धेनंतर लगेच सराव सुरू करू नका. एक आठवडा विश्रांती घ्या आणि त्या आठवड्यात सायकल सर्व्हिसिंगला द्या. पावसाळ्यात चेन, ब्रेक पॅड आणि केबल यांचं बरंच नुकसान झालेलं असतं. टायर २८ मिलिमीटरचे बसत असतील तर तेच बसवा, आपल्या रस्त्यांवर २३ चे टायर म्हणजे मनगटांना आणि कमरेला शिक्षा. मागच्या कॅसेटवर (मागच्या चाकाच्या दातेरी चकत्यांवर) ३२ किंवा ३४ दात्यांचा मोठा गिअर असू द्या. घाटात त्याची गरज पडते, आणि तो नसला की गुडघे त्याची किंमत मोजतात.

फिटिंग, म्हणजे सीट-हँडल आपल्या शरीराच्या मापाने बसवून घ्यायची वेळही हीच. सीट दोन सेंटिमीटरने खाली असेल तर २० किलोमीटरच्या राइडला काही जाणवत नाही, पण आठवड्याला सहा तास सायकल झाली की गुडघा पुढून दुखू लागतो. एरो बार (कोपर टेकवून पुढे वाकायचे जास्तीचे दांडे) यंदाच लावणार असाल तर फिटिंगच्या वेळीच लावा, नंतर लावले की सगळी मापं पुन्हा बदलतात.

दुसऱ्या आठवड्यात चाचणी घ्या. पॉवर मीटर (पेडलवरचा जोर वॅटमध्ये मोजणारं यंत्र) किंवा तसाच जोर मोजणारा स्मार्ट ट्रेनर असेल तर २० मिनिटं सातत्याने जितका जोर लावता येईल तितका लावायचा आणि सरासरी वॅट्सच्या ९५ टक्के आकडा धरायचा. त्यालाच एफटीपी म्हणतात, म्हणजे साधारण तासभर टिकवता येईल असा जास्तीत जास्त जोर. समजा सरासरी १८० वॅट आली, तर एफटीपी १७१. पॉवर मीटर नसेल तर हृदयगतीचा पट्टा पुरेसा आहे. ३० मिनिटं एकट्याने पूर्ण जोर लावा आणि त्यातल्या शेवटच्या २० मिनिटांची सरासरी हृदयगती लिहून ठेवा. ती झाली तुमची थ्रेशोल्ड हृदयगती, म्हणजे तशा तासभराच्या जोराला पडणारे ठोके. चाचणीआधी २० मिनिटं नीट वॉर्मअप हवा, कारण थंडीत शरीर तापायला वेळ लागतो आणि सुरुवातीचे आकडे फसवे येतात. जागा अशी निवडा जिथे सिग्नल, चौक आणि गतिरोधक नाहीत. एखादा सलग चढ किंवा घरचा ट्रेनर उत्तम.

मनगटावरच्या घड्याळाच्या हृदयगतीवर मात्र विसंबू नका. हँडलच्या हादऱ्यांनी आणि गार पडलेल्या हातांमुळे ती चुकते. छातीचा पट्टा घ्या.

पहिला टप्पा: डिसेंबरअखेरपर्यंत, सहा आठवडे

या टप्प्यात सोपं चालवायचं. सोपं म्हणजे नेमकं किती? एफटीपीच्या ५६ ते ७५ टक्के, म्हणजे वरच्या उदाहरणात ९६ ते १२८ वॅट. हृदयगतीने मोजत असाल तर थ्रेशोल्डच्या ८१ ते ८९ टक्के. थ्रेशोल्ड १६५ असेल तर १३४ ते १४७. काहीच उपकरण नसेल तर शेजारच्या सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. एकेका शब्दात उत्तरं द्यायला लागलात की वेग जास्त झालाय.

नवख्यांची सर्वांत मोठी चूक इथे होते, आणि तिचं कारण रविवारचा ग्रुप असतो. पहाटे वीस-पंचवीस जण जमतात, खडकवासल्यापर्यंत गप्पा मारत जातात आणि पुढे कुणीतरी वेग वाढवतो. मग सगळेच ओढले जातात. ही राइड ना सोपी असते ना खरी कठीण. पहिल्या हिवाळ्यात मी प्रत्येक रविवारी अशा ग्रुपच्या मागे धावत होतो. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात उजवा गुडघा दुखायला लागला आणि तीन आठवडे सायकल बंद ठेवावी लागली. ग्रुप सोडा असं मी म्हणत नाही, थंडीच्या काळोखात सोबत हवीच. पण निघतानाच सांगून ठेवा की आज मी हळू जाणार आहे, आणि तुमच्याच गतीचे दोन सोबती शोधा.

हळू चालवून काय मिळतं, हा प्रश्न मला दर वर्षी विचारला जातो. स्नायूंमधल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या वाढतात, पेशींमधली ऊर्जा तयार करणारी यंत्रणा वाढते, आणि शरीर साखर राखून चरबी जाळायला शिकतं. अर्ध्या अंतराच्या स्पर्धेत सहा-सात तास टिकायचं तर ही तिन्ही कामं झालेली असली पाहिजेत. ती कमी जोराच्या खूप तासांनी होतात. त्यासाठी दर वेळी धाप लागायची गरज नसते.

आठवड्याला तीन राइड पुरेत. मंगळवारी आणि गुरुवारी एक-एक तास, नोकरी असेल तर ट्रेनरवर. रविवारी लांब राइड: पहिल्या आठवड्यात दीड तास, मग दर आठवड्याला १५ ते २० मिनिटं वाढवत तीन तासांपर्यंत. तीन आठवडे वाढवलं की चौथ्या आठवड्यात एकूण वेळ ४० टक्क्यांनी खाली आणायचा. हा हलका आठवडा लोक गाळतात. ताकद वाढते ती विश्रांतीत, म्हणून तो आराखड्यात आधीच लिहून टाका.

मंगळवारच्या राइडमध्ये थोडं जड गिअरचं काम घाला. सौम्य चढावर किंवा ट्रेनरवर, मिनिटाला ६० च्या आसपास कॅडेन्स (पेडलचे फेरे) ठेवून ५ मिनिटांचे चार तुकडे, मध्ये ५ मिनिटं हलकं. जोर मध्यम, कंबर स्थिर. गुडघ्याला जराही कुरकुर जाणवली तर त्या दिवशी थांबा. पुण्यात यासाठी जुना कात्रज घाट मला सर्वांत आवडतो. चढ सौम्य आहे, लहान आहे, हवा तितक्या वेळा पुन्हा करता येतो. बाकी सपाट रस्त्यावर ८५ ते ९५ कॅडेन्सची सवय लावा, पुढे धावताना पाय हलके राहतात.

पोहणं आठवड्यातून एक-दोनदा, शक्य असेल तर दुपारी, ४० मिनिटं, फक्त तंत्रासाठी. धावणं तीनदा, त्यातलं एकही कठीण नाही. आणि दोन वेळा अर्धा-अर्धा तास ताकदीचा व्यायाम: स्क्वॉट, डेडलिफ्ट, पायरीवर चढउतार, पोटऱ्या, प्लँक. सोमवार पूर्ण सुट्टी.

अंधार, ऊस आणि गारठा

जानेवारीत पुण्यात सूर्य सातनंतर उगवतो. सहाला निघालात तर पहिला तास काळोखात जातो. पुढे पांढरा दिवा, मागे लाल लुकलुकणारा, आणि मागचा एक जास्तीचा. अंगावर परावर्तक पट्ट्यांचं जाकीट. हे सगळीकडेच लागू आहे. आपल्याकडचा वेगळा धोका उसाच्या गाड्यांचा.

कारखान्यांचा गाळप हंगाम आणि आपला हिवाळा एकाच वेळी चालतो. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला ऊस आणि मागे बहुतेक वेळा लाल दिवा नाही. अशा ट्रॉलीला ओलांडताना जास्तीत जास्त अंतर ठेवा. ती तुम्हाला ओलांडत असेल तर वेग कमी करून रस्त्याची कडा धरा, कारण बाहेर आलेला ऊस खांद्याला लागतो. रस्त्यावर पडलेलं पाचट दवाने ओलं झालं की टायर घसरतो, त्यावर ब्रेक दाबू नका. आणखी एक गोष्ट मी अनुभवातून शिकलो. बिघडलेली ट्रॉली रस्त्यात उभी असली की चालक तिच्या मागे मोठे दगड लावून ठेवतात. ट्रॉली निघून जाते, दगड तिथेच राहतात. दोन वर्षांपूर्वी साडेसहाच्या सुमारास असा एक दगड मला शेवटच्या दोन मीटरवर दिसला. हेल्मेट फुटलं, डोकं वाचलं. तेव्हापासून ऊसपट्ट्यात मी उजाडल्याशिवाय शिरत नाही, मग राइड अर्धा तास उशिरा संपली तरी चालेल.

कपड्यांसाठी फार खर्च नको. पुण्याची पहाट डिसेंबर-जानेवारीत १० अंशांच्या आसपास उतरते आणि नऊ वाजता ऊन जाणवायला लागतं, त्यामुळे काढून खिशात मावेल असंच घाला: आर्म वॉर्मर, पातळ विंडचीटर, पूर्ण बोटांचे हातमोजे. घाट उतरताना छाती गारठते, त्याला जुना उपाय म्हणजे जर्सीच्या आत रद्दीचं वर्तमानपत्र. वरच्या टपरीवर सहज मिळतं आणि वारा अडवतं. उतारावर बोटं बधिर झाली तर ब्रेक नीट दाबले जात नाहीत, थांबून हात चोळा आणि मगच पुढे निघा.

शेतातल्या रस्त्यांवर बाभळीचे काटे असतात, म्हणून दोन ट्यूब, लिव्हर, पंप आणि पॅच सोबत ठेवा. पंक्चर काढण्याचा सराव घरी दिवसाउजेडी करून पाहा, गार बोटांनी पहिल्यांदा शिकायला जाऊ नका. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सायकलला बंदी आहे, लोणावळ्याला जायचं तर जुन्या महामार्गानेच.

दुसरा टप्पा: जानेवारी ते फेब्रुवारीचा मध्य

आता पाया तयार आहे, त्यावर जोर चढवायचा. मंगळवारची राइड बदला: एफटीपीच्या ८८ ते ९३ टक्क्यांवर, म्हणजे उदाहरणातल्या आकड्यात १५० ते १५९ वॅटवर १० मिनिटांचे तीन तुकडे, मध्ये ५ मिनिटं सोपं. पुढच्या आठवड्यांत १२ चे तीन, १५ चे तीन, शेवटी २० चे दोन. या जोरावर छोटी वाक्यं बोलता येतात, पण बोलावंसं वाटत नाही. संपल्यावर आणखी एक तुकडा झाला असता असं वाटलं पाहिजे. पूर्ण रिकामे होऊन घरी येत असाल तर आकडा जास्त धरलाय.

शनिवारी सिंहगड. घाटरस्ता साधारण ९ किलोमीटरचा आहे आणि सरासरी ६-७ टक्के चढ आहे, त्यामुळे नवख्याला वर पोचायला पाऊण ते एक तास लागतो. इतका वेळ सलग एकाच जोराने चालवायला सपाट रस्ता मिळणं पुण्याजवळ कठीण आहे, म्हणून हा घाट सोन्यासारखा. पहिले दोन किलोमीटर मुद्दाम हळू घ्या. बहुतेक जण तिथेच शक्ती घालवतात आणि शेवटच्या वळणांवर सायकल ढकलतात. रविवारी मात्र जाऊ नका, गाड्यांची रांग लागते आणि अरुंद वळणांवर सायकलला जागा उरत नाही. वर पोचल्यावर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही हवंच, पण आधी कोरडा बनियन घाला. घामाने ओल्या कपड्यात वाऱ्यावर अर्धा तास बसलं की दोन दिवसांनी घसा धरतो आणि आठवडा वाया जातो.

कोल्हापूरकरांना जोतिबा आणि पन्हाळा आहे, वाईच्या मंडळींना पसरणीचा घाट. नागपूरला घाट नाही, तिथे समोरचा वारा वापरा. वाऱ्याच्या तोंडावर एरो बारवर वाकून २० मिनिटं तोच जोर ठेवला, तर काम तेच होतं आणि स्पर्धेतली बसण्याची सवयही लागते.

याच टप्प्यात ब्रिक, म्हणजे सायकलनंतर लगेच धावायचा सराव सुरू करा. शनिवारी घाट उतरून घरी आलात की सायकल भिंतीला टेकवायची, बूट बदलायचे आणि पाच मिनिटांच्या आत धावायला निघायचं. सुरुवातीला फक्त १५ मिनिटं. पहिल्या किलोमीटरला पाय लाकडासारखे वाटतात, हे अपेक्षितच आहे. पावलं छोटी आणि जलद ठेवा. चार-पाच ब्रिकनंतर तो जडपणा लवकर ओसरतो.

जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबई मॅरेथॉन असते आणि जवळजवळ प्रत्येक नवखा तिच्यात नाव नोंदवून बसलेला असतो. माझं स्पष्ट मत: पहिल्या वर्षी पूर्ण मॅरेथॉन धावू नका. तिच्या तयारीसाठी लागणाऱ्या लांब धावांमुळे डिसेंबरच्या रविवारच्या राइड जातात, आणि नंतरच्या थकव्यात जानेवारीअखेरचे दोन आठवडे जातात. अर्धमॅरेथॉन धावा, तिच्या आधीच्या आठवड्यात सायकल निम्म्यावर आणा, नंतरचे तीन-चार दिवस फक्त हलकं चालवा.

दुसरं आमिष ब्रेव्हेचं, म्हणजे ठरावीक मुदतीत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइडचं. २०० किलोमीटर, मुदत साडेतेरा तास. अनुभव सुंदर असतो, संयम शिकवतो. हिवाळ्यात एक जरूर करा, पण लांब राइड चार तासांपर्यंत पोचल्यावरच. ३०० आणि ४०० च्या मागे लागलात तर रात्रीचं जागरण आणि त्यानंतर शरीर सावरायला लागणारा वेळ यांत ट्रायथलॉनचा आराखडा मोडतो.

पोटाचा सराव

दीड तासापेक्षा मोठ्या प्रत्येक राइडला खाण्याचा सराव करा. ताशी ४० ग्रॅम कर्बोदकांपासून सुरू करून फेब्रुवारीपर्यंत ६० वर या. एका मध्यम केळ्यात सुमारे २५ ग्रॅम असतात. राजगिऱ्याचा लाडू, खजूर, गुळाची चिक्की, सगळं चालतं, फक्त चिक्की थंडीत कडक होते आणि धाप लागलेली असताना चावणं जड जातं. घरचं पेय सोपं आहे: पाऊण लिटर पाण्यात ४० ग्रॅम साखर, एका लिंबाचा रस, पाव चमचा मीठ.

थंडीत तहान लागत नाही म्हणून लोक पाणी पीत नाहीत. तीन तासांची राइड एका बाटलीत काढणारे मी पाहिले आहेत, आणि दुपारी डोकं धरून बसलेलेही तेच असतात. तासाला अर्धा लिटर हिशोब ठेवा. घड्याळात दर १५ मिनिटांचा गजर लावा, वाजला की दोन घोट आणि एक घास.

मिसळ राइडनंतर.

तिसरा टप्पा: होळीपर्यंतचे शेवटचे चार आठवडे

आता स्पर्धेसारखं चालवायचं. मंगळवारी ३ मिनिटांचे पाच तुकडे, एफटीपीच्या ११० टक्क्यांच्या आसपास, मध्ये ३ मिनिटं हलकं. हे आठवड्यातून एकदाच आणि तीनच आठवडे. शनिवारी सपाट किंवा हलक्या चढउताराच्या रस्त्यावर एरो स्थितीत ३० मिनिटांचे दोन तुकडे, एफटीपीच्या ७० ते ७५ टक्क्यांवर, आणि लगेच अर्धा तास धावणं. ७० टक्के हा आकडा पहिल्यांदा फारच कमी वाटतो. स्पर्धेत ताजे पाय आणि बाजूने जाणारे लोक मोह पाडतात, म्हणून तो जोर कसा जाणवतो हे आत्ताच अंगवळणी पाडायचं.

शेवटच्या आधीच्या रविवारी ९० किलोमीटरची रंगीत तालीम. स्पर्धेला वापरणार तेच कपडे, तेच खाणं, त्याच बाटल्या. टपरीवर थांबायचं नाही. संपल्यावर २० मिनिटं धावा आणि घरी येऊन तीन गोष्टी लिहा: पोट कुठे बिघडलं, मान किंवा कंबर कधी दुखायला लागली, कोणत्या तासात जोर कमी झाला. फिटिंग पुन्हा तपासायचं की खाणं बदलायचं, ते या कागदावरून ठरेल.

मग एक हलका आठवडा, आणि त्याच्या शेवटी सुरुवातीला घेतली तीच चाचणी, त्याच जागी, तेवढ्याच वॉर्मअपनंतर. एफटीपी वाढली असेल तर चांगलंच. फारशी वाढली नसेल तरी नोव्हेंबरात आणि आता एकाच सोप्या वॅटला हृदयगती किती होती ते ताडून पाहा. १२० वॅटला तेव्हा १४५ ठोके असतील आणि आता १३६, तर तुमचं काम झालं आहे.

होळी जळाली, थंडी पळाली म्हणतात, आणि त्या आठवड्यात दहा वाजताच्या उन्हात ते पटतंही. तेव्हापासून लांब राइड अडीच तासांवर आणा, पहाटे साडेपाचला निघा, मंगळवारची ट्रेनरवरची राइड तशीच चालू ठेवा आणि सुटलेला वेळ तलावावर घालवा. पाणी एव्हाना बरं झालेलं असतं.